प्राणवायू संवेदक (मोटारगाडी)

प्राणवायू संवेदक, अर्थात ऑक्सिजन सेन्सर किंवा लॅम्डा सेन्सर, हे मोटारगाडीच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातील प्राणवायूचे प्रमाण जोखणारे उपकरण होय. त्याच्या संकेतावरून इंजिनाचा नियंत्रक संगणक, म्हणजेच ईसीयू, इंधनाची मात्रा कमी-अधिक करतो. जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित केलेला हा संवेदक १९७६ साली स्वीडनच्या व्होल्वो मोटारींत प्रथम वापरात आला. पेट्रोलमधील शिसे या संवेदकाला व कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला घातक असते. त्यामुळे शिसेविरहित पेट्रोलची उपलब्धता ही त्यांच्या प्रसाराची पूर्वअट होती. भारतात असे पेट्रोल १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत व २००० साली देशभर मिळू लागले.

कार्यपद्धती

सर्वाधिक प्रचलित प्रकारात झिर्कोनिया या मृत्तिकासदृश पदार्थाचे टोक असते. त्याची बाहेरची बाजू धुरात, तर आतली बाजू शुद्ध हवेच्या संपर्कात राहते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर दोन्ही बाजूंच्या प्राणवायूतील फरकानुसार त्यात विद्युतदाब निर्माण होतो. पेट्रोलच्या एका भागास वजनाने १४.७ भाग हवा हे आदर्श प्रमाण होय. इंधन जास्त झाल्यास दाब ०.९ व्होल्टच्या आसपास, तर कमी पडल्यास ०.१ व्होल्टच्या आसपास असतो. टोक लवकर तापावे म्हणून बहुतेक संवेदकांत विजेवर चालणारा हीटर बसवलेला असतो.

बदलण्यापूर्वीची तपासणी

मिश्रणात इंधन कमी असल्याचा दोषसंकेत आला म्हणजे संवेदक बिघडलाच असे नव्हे. धुराच्या नळीला भेग, इंजिनात शिरणारी अनाहूत हवा किंवा तुंबलेला इंजेक्टर यांमुळेही तोच संकेत येतो. अशा वेळी नवा संवेदक बसवूनही दोष कायम राहतो व खर्च वाया जातो.

निवड

पर्यायी संवेदक निवडताना पुढील बाबी मूळ संवेदकाशी जुळाव्या लागतात.

* प्रकार : झिर्कोनिया संवेदक विद्युतदाब निर्माण करतो, तर टायटेनिया संवेदकात विद्युतरोध बदलतो. वाइडबँड संवेदकास पाच किंवा सहा तारा असून त्याची कार्यपद्धती वेगळी असते. हे प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत.
* स्थान : कन्व्हर्टरच्या आधीचा संवेदक मिश्रण नियंत्रित करण्यासाठी असतो, नंतरचा मुख्यतः कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेवर लक्ष ठेवतो.
* हीटर : त्याची विद्युतशक्ती भिन्न असल्यास ईसीयू दोष दाखवू शकतो.
* आटे, तारेची लांबी व कनेक्टर.

गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेला संवेदक थेट मूळ कनेक्टरमध्ये बसतो. ‘युनिव्हर्सल’ संवेदक स्वस्त असतो. परंतु त्याच्या तारा जुन्या कनेक्टरच्या तारांना जोडाव्या लागतात.

तारांची जोडणी

चार तारांच्या संवेदकात दोन तारा हीटरच्या, एक संकेताची व एक संकेताच्या अर्थिंगची असते. तीन तारांच्या संवेदकात अर्थिंग धातूच्या कवचातून मिळते. बॉशच्या प्रचलित रंगसंगतीत दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी संकेताची आणि करडी अर्थिंगची असते. इतर उत्पादकांचे रंग निराळे असतात; काहींत काळ्या तारा हीटरच्या असतात. म्हणून रंगास रंग न जोडता कार्यास कार्य जोडावे. हीटरचा १२ व्होल्टचा प्रवाह संकेताच्या तारेत गेल्यास संवेदक निकामी होतो आणि ईसीयूलाही धोका पोहोचू शकतो.

हीटरच्या तारा बहुधा एकाच रंगाच्या असतात व मल्टीमीटरवर त्यांच्यात काही ओहमचा रोध दिसतो. त्यांची अदलाबदल चालते. संकेताच्या तारेवर मात्र रोध मोजू नये, कारण मल्टीमीटरच्या प्रवाहाने संवेदकास इजा होऊ शकते.

अनेक झिर्कोनिया संवेदकांना आतील बाजूची शुद्ध हवा तारेच्या बारीक धाग्यांमधील पोकळीतून मिळते. सोल्डरिंग केल्यास ही पोकळी बुजते आणि नवा संवेदकही चुकीचे संकेत देतो. याकरिता तारा दाबून बसवायच्या धातूच्या नळ्यांनी जोडून त्यांवर जलरोधक आवरण चढवतात. सांध्यांवर ग्रीस लावू नये. तारा तापलेल्या नळीपासून दूर बांधाव्यात.

बसवताना घ्यावयाची दक्षता

काम करण्यापूर्वी बॅटरीची तार काढतात. आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप केवळ आट्यांवर लावावा; टोकास त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. इंजिनाच्या सांध्यांत वापरलेल्या सर्वसाधारण सिलिकॉनच्या वाफेनेही टोक निकामी होते. झिर्कोनिया संवेदक आधीच्या जागी बसवला असल्यास, इंजिन तापल्यावर त्याचा संकेत कमाल व किमान दाबांमध्ये सतत वरखाली होणे हे जोडणी बरोबर असल्याचे लक्षण मानले जाते.