सरावातला स्फोट: ‘अपघात’ मोजायचा कसा?

संशोधनाचा विषय निवडताना आपण एखादा शब्द गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. आज असाच एक शब्द घेऊ: ‘अपघात’.

१० ऑक्टोबर २०२४. नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना केंद्रात इंडियन फील्ड गन या तोफेचा सराव सुरू होता. गोळा तोफेपाशीच फुटला आणि दोन अग्निवीर गेले. ‘सरावातला अपघात’ म्हटलं की आपल्यासमोर हेच चित्र येतं. रेंजवर धोके तरी किती प्रकारचे! गोळा वेळेआधी फुटतो. कधी चाप ओढूनही बार उडत नाही, तो मिसफायर. कधी काही क्षण थांबून उडतो, तो हँगफायर. म्हणून तर बार उडाला नाही की लगेच तोफ उघडायची नसते, ठरावीक वेळ थांबायचं असतं.

आता आमच्या वाशिमकडून बघू. आम्हाला जवळचं नाव म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव, तिथलं लष्कराचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागून स्फोट झाले. १६ हून अधिक जीव गेले, त्यात दोन लष्करी अधिकारी आणि बरेच अग्निशमन कर्मचारी होते. रणगाडाविरोधी सदोष सुरुंगांमधून टीएनटी पाझरल्याचं कारण पुढे आलं. शुद्ध टीएनटी सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळतं. विदर्भातला मे कितीही तापला तरी तेवढा नाही. मग पाझरतं कसं? तर त्यातल्या अशुद्धी वितळणांक खाली आणतात. म्हणजे स्फोट मे महिन्यातला, पण त्याचं मूळ कारखान्यातल्या शुद्धीकरणापर्यंत जाऊ शकतं.

२० नोव्हेंबर २०१८. पुन्हा पुलगावच. या वेळी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी, पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यात आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूरही होते.

या तीन घटना एका तक्त्यात मांडा. ‘सरावात मेलेले सैनिक’ अशी व्याख्या केली, तर पुलगावच्या दोन्ही ओळी गळतात. ‘दारूगोळ्यामुळे गेलेले जीव’ अशी केली, तर तिन्ही राहतात. आकडा बदलला, पण जगात काहीच बदललं नाही; बदलली ती फक्त आपली व्याख्या. आणि व्याख्येबाहेर पडला कोण? पेट्या उतरवणारा मजूर.

दुसरी गोष्ट छेदाची. ‘अपघात वाढले’ असं लिहायचं तर एकूण गोळे किती झाडले, किती साठवले, किती नष्ट केले, हे हवं. नुसता अंश बातमीत मिळतो, छेद क्वचितच. छेद नसेल तर ‘वाढले’ हा शब्द लिहू नका, घटना लिहा.

तिसरी गोष्ट कारणाची. पहिल्या दिवसाच्या बातमीतलं कारण हा अंदाज असतो. चौकशीनंतरचं कारण वेगळ्या रकान्यात ठेवा, दोन्हींसमोर तारीख टाका.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आधी एवढंच विचारा: माझ्या व्याख्येमुळे कोण मोजलं जात नाहीये? उत्तर सापडलं, तर तुमचा विषय बहुतेक तिथेच आहे.