अजिंठ्याचा बॅले

मंडळी, सप्टेंबर १९२३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात आपल्या अजिंठ्यावर एक बॅले झाला होता, हे ठाऊक आहे का? शब्दांवाचून, नाच आणि वाद्यांवर सांगितलेली गोष्ट म्हणजे बॅले. संगीत चेरेपनिनचे, नृत्यरचना क्लुस्टिनची आणि नाचणारी मंडळी ॲना पाव्हलोवाची. विषय सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा.

उंद्रीतल्या गल्लीतली पाच-सहा मुले संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. त्यांना हे सांगायला मी पाव्हलोवापासून सुरुवात केली. १८८१ चा जन्म, आई लोकांचे कपडे धुणारी. आठव्या वर्षी पोरीने बॅले पाहिला नि हट्ट धरला. पुढच्या वर्षी शाळेने घेतले नाही, दहाव्या वर्षी घेतले. तिच्या हंसाच्या नाचाची जुनी मूक फिल्म मोबाइलवर दाखवली.

"आबा, तिचे पाय दुखत नसतील काय?"

दुखत असणारच. पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहायचे म्हणजे काय!

मग अजिंठ्याच्या चित्रांचे पुस्तक उघडले. लेणे क्रमांक १ मध्ये महाजनक जातकाचे चित्र आहे. राजाला संन्यास घ्यायचा आहे, राणी सीवलीला तो घरी हवा आहे. दरबारात नर्तकी नाचते आहे, भोवती बासरी वाजवणाऱ्या बाया. एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हंजे राजाला अडवासाठी नाच हाय थो!" चाळीस वर्षे शिकवूनही मला हे इतक्या थोडक्यात सांगता आले नसते.

त्या बॅलेत खरा अजिंठा कितीसा उतरला असेल, याची मला शंकाच आहे. बॅलेची सगळी धडपड जमीन सोडण्याची. अजिंठ्याची माणसे जमिनीला धरून उभी, अंगाला तीन बाक देऊन. मुलांनी ओट्यावर तसे उभे राहून पाहिले. निम्मी पडली.

पण त्याच महिन्यात त्याच रंगमंचावर पाव्हलोवा राधा झाली होती आणि तिचा कृष्ण होता उदय शंकर. हा तरुण मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकून लंडनला गेलेला, नाचाचे रीतसर शिक्षण नाही. तरी 'राधा-कृष्ण' त्यानेच बसवले. पुढे मायदेशी परतून त्याने अल्मोड्याला नृत्यकेंद्र काढले. (आपला गुरुदत्त तिथलाच विद्यार्थी, बरे का!) तिथल्याच शांती बर्धन यांनी पुढे मुंबईत लिटल बॅले ट्रूप उभे केले. क्षयाने खंगलेल्या त्या माणसाने १९५३ च्या सुमारास 'रामायण' बसवले, त्यात माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचत. १९५४ मध्ये ते गेले.

पाव्हलोवाच्या अजिंठ्यापेक्षा मला हे धागे मोठे वाटतात. मुलांना मात्र बाहुल्याच आवडल्या. दोघे रावण, एक हनुमान, कोपरे ताठ, माना झटक्याने वळवत रात्री साडेआठपर्यंत अंगणात धिंगाणा. शेवटी आया येऊन घेऊन गेल्या.

पुढच्या महिन्यात शाळेची सहल अजिंठ्याला जाते आहे. पहिल्या लेण्यासाठी गुरुजी दहा मिनिटे देणार होते, मी अर्धा तास मागून घेतला आहे.