बाणाची पिसे आणि ‘मुलायम’

‘काय मोठा तीर मारलास!’ असे मराठीत आपण सहज म्हणतो. दरवाजावरच्या गोलाईला कमान म्हणतो आणि ट्रकच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांना कमानपाटे. तीर, कमान, तिरंदाज हे शब्द फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की ते बाहेरचे होते हे आता सांगावे लागते. इतिहासाच्या गप्पांत मात्र लगेच वाटणी होते. महाकाव्यांतला बाण एकीकडे, सुलतानांच्या फौजेतला तीर दुसरीकडे. रत्नागिरीत मी मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे ही वाटणी माझ्या कानांवर जरा जास्तच येते.

ही वाटणी करताना बाण बनवणाऱ्याला कुणी विचारलेले नाही. त्याचे म्हणणे ऐकायचे तर बाणाच्या टोकाकडे नव्हे, शेपटाकडे पाहावे लागेल.

बाणाच्या मागच्या टोकाला पिसे लावतात ती शोभेसाठी नव्हे. पिसांना हवेचा अडथळा होतो, त्यामुळे शेपूट मागेच राहते आणि टोक पुढे. दुसरे काम अधिक नाजूक आहे. पक्ष्याच्या पंखातले पीस सपाट नसते. त्याची एक बाजू किंचित खोलगट असते, दुसरी फुगीर. या बाकामुळे बाण उडताना स्वतःभोवती फिरतो आणि फिरणारा बाण सरळ जातो. उजव्या पंखातली पिसे लावली तर मागून पाहणाऱ्याला बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतो, डाव्या पंखातली लावली तर उलट.

मग उजवी चांगली की डावी? आजचे तिरंदाजही हा प्रश्न विचारतात. काही जण त्यासाठी बिनपिसाचा बाण अगदी जवळून मारून पाहतात. दांड्यावर एक खूण करायची आणि लक्ष्यात रुतल्यावर ती कुठल्या बाजूला वळली ते बघायचे. धनुष्यातून सुटताना बाण ज्या बाजूला आपोआप वळतो, त्याच दिशेची पिसे ते निवडतात. पण हा झाला बारकावा. खरा नियम एकच: उजवी घ्या किंवा डावी, एका बाणाची सगळी पिसे एकाच बाजूच्या पंखातली हवीत. तीन पिसांत एक जरी दुसऱ्या बाजूचे आले, तर ते बाकीच्या दोघांच्या विरुद्ध ढकलू लागते. बाणाची फिरकी मंदावते, तो डगमगतो आणि नेम चुकतो.

जुन्या अरबांनी या नियमाला नावच दिले होते. पिसाची खोलगट बाजू म्हणजे पोट, फुगीर बाजू म्हणजे पाठ. बाणाभोवती फिरत जाताना प्रत्येक पिसाचे पोट पुढच्या पिसाच्या पाठीकडे असेल, तर त्या जुळणीला ‘लुआम’ म्हणत. कुठे दोन पोटे किंवा दोन पाठी समोरासमोर आल्या, तर ती ‘लुगाब’, म्हणजे वाईट जुळणी. इब्न मंजूर (मृत्यू १३११) यांच्या ‘लिसानुल अरब’ या कोशात हे दोन्ही शब्द आहेत. त्यांचा अर्थ पंखांच्या हिशेबाने पाहा. तिन्ही पिसे एका बाजूची असतील, तर पोटासमोर पाठ आपोआप येते. एक जरी उलटे आले, तर एका जागी पोटाला पोट भिडते आणि दुसऱ्या जागी पाठीला पाठ. म्हणजे बाण हातात घेऊन नुसते फिरवले तरी कारागिराची चूक पकडता येत असे.

तासून लावलेल्या पिसाला अरबीत ‘कुज्जा’ म्हणतात. एका कुज्जासारखी तंतोतंत दुसरी कुज्जा, हा अरबीतला वाक्प्रचार आंधळ्या अनुकरणाबद्दलच्या एका हदीसमध्येही येतो. आपल्याकडे अनेकांनी तो प्रवचनात ऐकलेला असतो, पण त्यामागे तीर बनवणाऱ्याची कात्री आहे हे सहसा सांगितले जात नाही.

संस्कृत परंपरेलाही पिसांची तितकीच काळजी होती. १३६३च्या सुमाराच्या ‘शार्ङ्गधर पद्धती’त धनुर्विद्येचा भाग आहे. त्यात हंस, क्रौंच, मोर, गिधाड अशा पक्ष्यांची पिसे चांगली म्हटली आहेत आणि एका बाणाला सहा अंगुळे लांबीची चार पिसे लावायला सांगितली आहेत. जवळपास त्याच सुमारास, १३६८च्या आसपास, मामलुक राजवटीत तैबुगा या तिरंदाजाने अरबीत तिरंदाजीवर मोठा ग्रंथ लिहिला. दोघांच्या भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, धनुष्येही वेगळी. पण हवा दोघांसाठी एकच होती, आणि बाण हवेतच सिद्ध व्हायचा होता.

आता ‘लुआम’ या शब्दाकडे परत येऊ. लाम, हमजा, मीम या त्याच्या धातूचा अर्थ जुळणे, सांधले जाणे. त्याच धातूपासून उर्दूत ‘इल्तियाम’ आला, म्हणजे जखम भरून येणे. त्यापासूनच ‘मुलाइम’ झाला, म्हणजे जुळणारा, अनुकूल. पुढे त्याला मऊपणाचा अर्थ आला आणि मराठीत तो ‘मुलायम’ झाला. मऊ साडीला मुलायम म्हणणारी रत्नागिरीची बाई आणि पोटाला पाठ जुळवणारा अरब कारागीर एकाच धातूतले शब्द वापरतात. धनुष्य बनवणाऱ्याला उर्दूत ‘कमानगर’ म्हणतात आणि हाच शब्द मोडलेले हाड बसवणाऱ्यालाही लावतात. शिंग, लाकूड आणि स्नायूंचे तंतू सांधून कमान बनवणाऱ्या हातांवर लोकांनी आपली हाडेही सोपवली होती.

पिसांची जागा आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकने घेतली आहे. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात ५० मीटरवरून १५ बाणांत १५०पैकी १५० गुण मिळवले. साहित्य बदलले, पण एका बाणावरची पाती आजही एकाच दिशेने वळलेली असावी लागतात.

विजेत्यांची नावे आपल्याला कळतात आणि ती कळायलाच हवीत. तीर बनवणाऱ्या तीरगरांची नावे मात्र इतिहासात फारशी उरली नाहीत. एका हदीसमध्ये एका तीरामुळे जन्नतला जाणारे तिघे सांगितले आहेत. मारणारा आणि त्याच्या हाती तीर देणारा त्यात आहेतच, पण भल्या हेतूने तीर बनवणाराही आहे. इतिहास शिकवताना आपण बहुधा मारणाऱ्यावरच थांबतो. म्हणून तीर कुणाचा आणि बाण कुणाचा हा वाद निघाला, की मी मुलांना आधी ‘मुलायम’ शब्दाचा धातू काढायला सांगतो.