मंगोलांच्या विजयाचे मर्म

मंगोलांचे नाव काढताच आपल्या डोळ्यांपुढे टोळधाडीचे चित्र उभे राहते : अगणित घोडेस्वार, जळणारी नगरे, मुंडक्यांच्या राशी. त्यांचे क्रौर्य खोटे नव्हते. परंतु क्रौर्याने दहशत बसते, साम्राज्य उभे राहत नाही. शिवाय ते अगणितही नव्हते. एकट्या उत्तर चीनची प्रजा त्यांच्या कित्येक पटींनी अधिक होती. मग हे मूठभर पशुपालक जिंकले कसे?

याचे उत्तर रणांगणाआधी व्यवस्थेत शोधले पाहिजे. १२०६ साली ओनोन नदीकाठच्या सभेत तेमूजिन हा चंगीझखान झाला आणि त्याने पहिला घाव घातला तो टोळ्यांच्या अभिमानावर. दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा पथकांत त्याने माणसे वाटून टाकली. निष्ठा कुळाकडून सेनापतीकडे वळली. अधिकारही केवळ जन्मावर राहिला नाही. एके काळी शत्रूकडून लढलेला जेबे पुढे त्याचाच नामांकित सेनानी झाला.

स्टेपच्या जीवनाने उरलेले शिक्षण दिले. प्रत्येक स्वाराजवळ बदलीची अनेक घोडी असत व ती गवतावर जगत. मैलोगणती कडे करून सावज घेरण्याची शिकार हीच त्यांची कवाईत होती. १२२३ साली कालका नदीवर रशियन राजांना कित्येक दिवस पाठलाग करू देऊन त्यांनी अखेरीस सापळ्यात पकडले. जे येत नव्हते ते जितांकडून शिकण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. पश्चिम आशियातील कारागिरांच्या प्रचंड गोफणयंत्रांनीच १२७३ साली चीनमधील श्यांगयांगचा दीर्घ वेढा निकालात काढला.

१२५९ मध्ये मोंगके खान वारला, वारसांत यादवी माजली, आणि घोडे व धनुष्ये तीच असूनही ती एकसूत्री आज्ञा उरली नाही. १३०३ साली दिल्लीला वेढा पडला, तेव्हा अल्लाउद्दीन खिलजीने ओळखले की, व्यवस्थेला उत्तर व्यवस्थेनेच द्यावयाचे असते. त्याने सीरीचा तट बांधला, घोड्यांना डाग दिले आणि बाजारभाव बांधून देऊन मोठी खडी फौज पोसली. पुढील स्वाऱ्या परतवल्या गेल्या. सीरीच्या तटाचे भग्नावशेष आजही दिल्लीत उभे आहेत. दिल्लीकर वाचकांनी एकदा तिकडे जरूर फिरून यावे.