रोज भरणाऱ्या मेळ्याचा निरोप

जुन्या मोटारींचा मेळावा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. हिवाळ्यातला रविवार, चकचकीत पितळी दिव्यांच्या मोटारी, त्यांच्याशेजारी ऐटीत उभे असलेले मालक आणि दोरीपलीकडून कौतुकाने पाहणारी माणसे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ साली अशा रॅलीची प्रथा सुरू केली; मुंबईतही जुन्या मोटारींचे शौकीन असे मेळावे भरवीत आले आहेत. ते पाहण्यात आनंद असतो, हे मान्यच करायला हवे. परंतु मुंबईत याहून कितीतरी मोठा एक मेळावा वर्षानुवर्षे रोज भरत होता. त्याला निमंत्रणपत्रिका नव्हती, परीक्षक नव्हते, बक्षीस समारंभ नव्हता. बोरीबंदरासमोर, दादर स्थानकाबाहेर, चर्चगेटच्या कोपऱ्यावर ओळीने उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या फियाट हाच तो मेळावा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस तो कायमचा संपला.

तपशील असा आहे. मुंबईतील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. शहरातील टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर धावणे अधिकृतपणे थांबले. त्याआधी अवघ्या दीड महिन्यापूर्वी, १५ सप्टेंबरला, ‘बेस्ट’ची डिझेलवर धावणारी शेवटची दुमजली बस निवृत्त झाली होती. साहजिकच वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून हळहळीचा पूर आला. आमच्या मनात मात्र त्या हळहळीसोबत एक प्रश्न रेंगाळत राहिला. आपण नेमका कशाचा निरोप घेतला? एका यंत्राचा, एका रंगाचा, की हे यंत्र ज्यांनी चालवले त्यांच्या कष्टांचा? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

मुंबईत मोटार टॅक्सी आली १९११ साली. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ घोड्याची व्हिक्टोरिया होती, ट्राम होती. पुढे टॅक्सीच्या धंद्यात डॉज, प्लिमथ यांसारख्या अवजड अमेरिकन मोटारी होत्या. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली. त्याच वर्षी ‘फियाट ११०० डिलाइट’ ही छोटी, चौकोनी मोटार आली आणि टॅक्सीच्या धंद्यात उतरली. एका वाहनाचा निरोप आणि दुसऱ्याचे आगमन एकाच वर्षी व्हावे, हा योगायोग खरा. पण शहराच्या दृष्टीने तो अर्थपूर्ण आहे. रुळांवरून ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या सार्वजनिक वाहनाची जागा हळूहळू गल्लीबोळांत शिरू शकणाऱ्या वाहनांनी घेतली.

या मोटारीच्या जन्मामागे एक महाराष्ट्रीय संदर्भही आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही स्वप्ने परकीय सत्तेच्या काळात पाहिली. मुंबईत मोटारींचा कारखाना काढण्याची कल्पना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासमवेत १९३० च्या दशकातच पुढे आली होती. परंतु सरकारी पाठबळाअभावी ती रखडली. अखेर १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात अमेरिकन बनावटीच्या गाड्यांच्या जुळणीने झाली. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाटच्या मोटारी आल्या. त्यांतील गोलसर बांध्याच्या ‘फियाट ११००’ला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव देऊन टाकले. या नावात टिंगल आहे, पण तुच्छता नाही. घरातल्या एखाद्या गुबगुबीत मुलाला द्यावे तसे हे नाव आहे.

नावांची कथा इथेच संपत नाही. फियाटबरोबरचा परवाना करार संपल्यावर हीच मोटार काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. चितोडच्या राणीचे हे नाव. आमच्यासारख्या भाषेच्या अध्यापकाला त्यात जायसीच्या काव्यातील नायिका दिसते आणि जुन्या ग्रंथांतील चार प्रकारच्या स्त्रियांपैकी पहिलीही आठवते. परंतु इतके भारदस्त नाव कंपनीने दिले, तरी मुंबईने ते फारसे मनावर घेतले नाही. चालक, प्रवासी, मिस्त्री, सगळेच अखेरपर्यंत तिला ‘फियाट’च म्हणत राहिले. कागदावर राणी आणि रस्त्यावर फियाट, अशी तिची दोन आयुष्ये समांतर चालली.

आता तिच्या वयाकडे पाहू. इटलीत हे रूप १९६२ साली आले आणि काही वर्षांतच तिथे ते मागे पडले. भारतात मात्र किरकोळ फेरफार सोडले तर तेच रूप शतक संपेपर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिले. म्हणजे १९९० च्या दशकात कुणी नवीकोरी पद्मिनी घेतली, तरी ती रचनेने तीस वर्षांपूर्वीची असे. जन्मतःच ‘क्लासिक’ असलेली अशी मोटार जगात क्वचितच सापडेल. याचे कारण अभिरुचीत नव्हते, अर्थव्यवस्थेत होते. किती गाड्या काढायच्या यावर परवान्याचे बंधन होते, आयात जवळपास बंद होती, परकीय चलनाची चणचण होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कारखान्याने रूप बदलण्याची गरजच नव्हती. आज आपण ज्याला जुन्या काळाचे सौंदर्य म्हणून गौरवतो, त्याच्या मुळाशी टंचाई होती, हे विसरून चालणार नाही.

पण याच टंचाईतून पद्मिनीचा गुण निर्माण झाला. चाळीस वर्षे यंत्र बदलले नाही, त्यामुळे ते साऱ्या शहराला तोंडपाठ झाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्याला जोडलेला हाताचा गियर, पुढे सलग लांब बाक. फुटपाथवर बसलेला मिस्त्रीही ते उघडून जोडू शकत असे. सुटा भाग मिळाला नाही तर जुन्या गाडीचा काढून बसवता येई. ज्या कुर्ल्यात ती जन्मली, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचे अवयवही मिळत. पुढे प्रदूषणाच्या प्रश्नावर न्यायालयाने लक्ष घातले, टॅक्सी नैसर्गिक वायूवर आल्या, तेव्हा या गाडीने आपल्या पोटात, म्हणजे डिकीत, वायूची टाकी सामावून घेतली आणि प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरियरवर गेले. रचना जुनी होती, पण शहराच्या प्रत्येक नव्या मागणीसाठी तिच्यात जागा काढली गेली.

ज्यांनी ती चालवली त्यांच्याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिले गेले. मुझफ्फर अली यांच्या ‘गमन’ (१९७८) या चित्रपटात उत्तर प्रदेशातील गाव सोडून मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या तरुणाची कहाणी आहे. फारुख शेख यांनी ती भूमिका केली होती. ‘टॅक्सी नं. ९२११’ (२००६) मधला नाना पाटेकरांचा चालक अनेकांना आठवत असेल. चित्रपटाबाहेर हजारो चालक दिवसपाळी आणि रात्रपाळी वाटून घेऊन एकच गाडी चालवत होते. कित्येकांना निजायला तीच मागची सीट होती. टॅक्सी संघटनांच्या सांगण्यानुसार १९९० च्या दशकाच्या अखेरीस शहरात साठ हजारांहून अधिक काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या आणि त्या काळात टॅक्सी म्हणजे बहुतांशी फियाटच. एवढ्या गाड्या आणि प्रत्येकीमागे एकाहून अधिक संसार, असा हा मेळा होता.

त्याची अखेर एका फटक्यात झाली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि खाजगी खरेदीदार फियाटपासून दूर जाऊ लागला. एकविसावे शतक उजाडताना पद्मिनीचे उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जमिनीवर पुढे इमारती उभ्या राहिल्या. २००७ च्या सुमारास वातानुकूलित टॅक्सींचे ताफे आले, मग मोबाइलवरून बोलावायच्या गाड्या आल्या. दरम्यान राज्य सरकारने २००८ साली टॅक्सीला पंचवीस वर्षांची आणि २०१३ साली वीस वर्षांची मर्यादा घातली. त्यानंतरचा निरोप हा केवळ दिनदर्शिकेचा प्रश्न होता.

इथे कायद्यातील एक विसंगती नजरेस आणून द्यावीशी वाटते. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. त्याला वेगळ्या अक्षरांची क्रमांकपाटी मिळते आणि ते प्रदर्शनासाठी वा रॅलीसाठी रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी मात्र नाही. म्हणजे वारशाचा मान मिळवायचा तर मोटारीने पन्नास वर्षे जगायचे आणि काम करायचे नाही. २००३ सालची पद्मिनी २०५३ साली पन्नास वर्षांची होईल. टॅक्सी म्हणून मात्र तिचे आयुष्य विसाव्या वर्षीच संपवले गेले. ज्याच्याकडे गाडी झाकून ठेवायला गॅरेज आहे, त्याची मोटार वारसा होते आणि जिच्यावर कुणाचे पोट आहे, ती भंगार होते. एक तरी पद्मिनी टॅक्सी जतन करावी, अशी विनंती टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारला केली होती. तिचा उपयोग झाला नाही.

तथापि वयोमर्यादा चुकीची होती, असे आमचे म्हणणे नाही. जुन्या इंजिनाचा धूर शहराच्याच फुप्फुसांत जात होता. आणि या बाबतीत आमचे डोळे एका विद्यार्थ्याने उघडले. २०२३ च्या त्या दिवसांत आम्ही वर्गात ‘निरोप’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. बहुतेकांनी वृत्तपत्रांतील हळहळ आपापल्या शब्दांत उतरवली. एका मुलाचे वडील मात्र टॅक्सीचालक होते. त्याने लिहिले होते की वडिलांनी काही वर्षांपूर्वीच फियाट मोडीत काढली, तेव्हा घरात कुणीही रडले नाही. जड सुकाणू आणि मे महिन्यातले तापलेले पत्र्याचे छप्पर यांतून सुटका झाली, म्हणून आईने त्या दिवशी गोड केले होते. गाडीवर प्रेम करणारे मागच्या सीटवर बसायचे, बाबा पुढे बसायचे, असे एक वाक्य त्याने सहज लिहून टाकले होते. त्या वाक्याखाली आम्ही लाल शाईने रेघ मारली ती चूक म्हणून नव्हे.

मग निरोप कशाचा? त्याच निबंधात पुढे एक तपशील होता. २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले, तेव्हा गाडीबाहेर बसवलेला जुना लोखंडी मीटर काढावा लागला. तो भंगारात न देता वडिलांनी घरी आणला आणि तो अजून कपाटावर आहे. का ठेवला, असे विचारल्यावर ते म्हणाले होते, “त्यानं आपल्याला खायला घातलं.” कुणी पाहुणे आले की धाकटी बहीण त्याची पट्टी खाली पाडून दाखवते.

पद्मिनीचे संग्रहालय कधी होईल तेव्हा होवो. त्यात मोटारीबरोबर चालकाचा खाकी सदरा, दरपत्रकाचा मळका कागद आणि मिस्त्रीचा पाना यांनाही जागा मिळायला हवी. दोरीपलीकडून पाहण्याजोगे त्यात फारसे काही नसेल. पण या मेळ्याला दोरी कधीच नव्हती. हात दाखवला की तो थांबत असे आणि मीटर पडला की आपणही त्यात सामील होत असू. त्या कपाटावरच्या मीटरची पट्टी अजून पडते, असे आमच्या विद्यार्थ्याने लिहिले आहे. फक्त आकडा पुढे सरकत नाही.