मृगाची तारीख, काठीची सावली आणि आपला पेरा



"मृग निघाला" असे कानी पडले की सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याचे लक्ष कुरी-पाभरीकडे जाते. कॅलेंडरात मृग 7 किंवा 8 जूनला लागलेला असतो. पुष्कळांना वाटते, ही तारीख पूर्वापार अशीच चालत आली. पण तसे नाही बरं का. मृग पुढे पुढे सरकत आला आहे. तो का सरकतो हे ध्यानात आले, तर पेरणी कशाच्या भरवशावर करावी तेही कळेल.

ऋतू होतात कशाने?

उन्हाळ्यात सूर्य आपल्याजवळ येतो आणि थंडीत लांब जातो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन थंडीत. तेव्हा अंतर सुमारे 14 कोटी 70 लाख किलोमीटर असते. सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला. तेव्हा ते सुमारे 15 कोटी 20 लाख होते.

खरे कारण आहे पृथ्वीचा कल. भोवरा कलून फिरावा तशी पृथ्वी सुमारे साडेतेवीस अंश कलून फिरते. कल एकाच दिशेला ठेवून ती वर्षात सूर्याभोवती एक फेरा घालते. त्यामुळे सहा महिने आपला उत्तरेकडचा भाग सूर्याकडे झुकतो. तेव्हा ऊन डोक्यावरून पडते आणि दिवस मोठा होतो. पुढचे सहा महिने उलटे. आपल्याकडे मोठ्यात मोठा दिवस सुमारे 13 तासांचा, तर लहानात लहान सुमारे 11 तासांचा.

हे तुम्हाला बांधावर पाहता येते. चार फुटांची काठी सरळ उभी रोवा. 22 डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली उत्तरेला सुमारे साडेतीन फूट पडेल. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस सावली पायाशीच नाहीशी होईल. जूनमध्ये ती चक्क दक्षिणेला पडेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येईल. मात्र तेव्हा आभाळ मोकळे असायला हवे.

मग मृग का सरकतो?

मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा ही पावसाची नावे सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे यावरून पडली. एकूण नक्षत्रे 27. सूर्य एकेका नक्षत्रात 13-14 दिवस राहतो. हा हिशेब ताऱ्यांचा आहे, आणि ऋतूंचा हिशेब पृथ्वीच्या कलाचा. भोवरा फिरता फिरता डुलतो, तशी पृथ्वीही डुलते. पण तिच्या एका डोलाला सुमारे 26,000 वर्षे लागतात. त्यामुळे हे दोन हिशेब सुमारे 72 वर्षांत एका दिवसाने फाकतात.

सुमारे 1,500 वर्षांपूर्वी वराहमिहिर नावाचे थोर ज्योतिषी होऊन गेले. त्यांच्या काळी मकर संक्रांत आणि उत्तरायण एकाच सुमारास होत असे. आज उत्तरायण 22 डिसेंबरच्या सुमारास, आणि संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती 12 जानेवारी 1863. म्हणजे एवढ्या काळातही संक्रांत सरकलेली दिसते. मृगाचेही तेच. आजच्या कॅलेंडरच्या मापाने वराहमिहिरांच्या वेळी मृग मेच्या मध्यास लागत असे.

वराहमिहिरांनी 'बृहत्संहिते'त एक मोलाची गोष्ट लिहून ठेवली आहे. जुन्या शास्त्रात उत्तरायण धनिष्ठा नक्षत्रापासून सांगितले आहे. आपल्या काळी ते मकरेपासून होते. फरक पडला तर सूर्याचा उदय-अस्त आणि सावलीच्या खुणा प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, असे ते सांगतात. पोथीचा मान ठेवा, पण पडताळा घ्या, हा त्याचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्रातही हा पडताळा झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ 1896 साली निघाला. पंचांग ऋतूंशी जुळते असावे हा त्यांचा आग्रह होता. लोकमान्य टिळकांनीही पंचांगशुद्धीचा प्रश्न हाती घेतला होता. या प्रश्नावर 1920 साली ज्योतिषांचे संमेलन आपल्या सांगलीतच भरले होते. पुढे 1952 साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. रेडिओवर 'भारतीय सौर दिनांक' म्हणून सांगतात तो तिचाच. तिचे महिने ऋतूंशी बांधलेले आहेत, त्यामुळे ते सरकत नाहीत.

पेरणीला याचा काय उपयोग?

इथे एक घोटाळा करू नका. पाऊस लांबला की "मृग सरकला म्हणून लांबला" असे म्हणाल, तर ते खरे नाही. एका माणसाच्या आयुष्यात मृग सरकतो तो जेमतेम एक दिवस. पाऊस पुढे-मागे होतो तो समुद्र, वारे आणि ढग यांच्यामुळे. 1972 सालीही पंचांगात मृग ठरल्याप्रमाणेच लागला. तरी राज्यात मोठा दुष्काळ पडला. 2019 च्या उन्हाळ्यात माण-आटपाडीत जनावरांच्या छावण्या होत्या, आणि त्याच साली ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी महापूर आला. सूर्य सगळ्यांना एकच. तरी महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या जत-आटपाडीला तो पाचशेच्या आसपास. पंचांगातले मृगाचे वाहन बेडूक असो की म्हैस, ते आकडेमोडीतून निघते. त्यावरून पाऊस ठरत नाही.

म्हणून मृग लागला की बी-बियाणे, खत, कुरी तयार ठेवा. मृगाचे नाव त्या तयारीसाठी उत्तम आहे. पण कोरडवाहू रानात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बी जमिनीत टाकू नका. खुरप्याने वीतभर उकरून पाहा. माती ओली लागली, मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि वाफसा आला, तर घात साधली असे समजा. वरची चार बोटे ओली आणि खाली कोरडे असेल तर थांबा. एका सरीवर केलेला पेरा उगवून वाळतो, आणि दुबार पेरणीला बी दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागते.

मृग लागल्याचे पंचांग सांगेल. ओल किती खोल गेली ते आपले आपणच उकरून पाहायचे.