पत्ता बदलला की उत्तर बदलतं का?

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसांनी संगणकाच्या स्मृतीत कशाला डोकावायचं, असं काहींना वाटेल. पण प्रश्न आमच्याच विषयातला आहे. तेच आकडे, तोच प्रोग्रॅम, तोच संगणक, आणि तरीही दोन वेळा दोन उत्तरं येत असतील, तर ‘तेच’ या शब्दाचा अर्थ काय? त्यासाठी थोडा इतिहास बघू या.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ साली त्याचं टिफ्रॅक असं नामकरण झालं. आपलं शिवाजी विद्यापीठही त्याच सालचं. टिफ्रॅकच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ ‘शब्द’ होते. शब्द म्हणजे एक आकडा मावेल एवढा खण. पत्ता त्या खणाचा. त्यामुळे आकडा अर्धा या खणात, अर्धा त्या खणात पडण्याचा प्रश्नच नव्हता.

१९६४ साली आयबीएमने सिस्टिम ३६० जाहीर केली. तिच्यात पत्ता ८ बिटांच्या बाइटला मिळाला. अक्षरांसाठी ही सोय झाली, पण आकडा आता चार-आठ बाइटांवर पसरला. मग तो सुरू कुठून होतो याला महत्त्व आलं. चार बाइटांच्या आकड्याचा पत्ता चारने भागला गेलाच पाहिजे, असा दंडक आला. यालाच अलाइनमेंट म्हणतात.

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातला ‘एका’ हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. त्यातले इंटेलचे प्रोसेसर १६ बाइट, म्हणजे दोन मोठे आकडे, एकदम उचलत. पण त्यांच्या जलद आज्ञेला १६ ने भागला जाणारा पत्ता लागे. नसला तर प्रोग्रॅम तिथेच बंद पडे. पुढे ही पकड ३२ आणि मग ६४ बाइटांची झाली. खतावणीत एकच रक्कम दोन पानांवर अर्धी-अर्धी लिहिली, तर प्रत्येक वेळी पान उलटावं लागेल ना? तसंच हे.

आता गणिती लायब्ररी काय करते बघा. जागा मागितल्यावर समजा १००८ हा पत्ता मिळाला. हवा आहे ६४ च्या पटीतला, म्हणजे १०२४. म्हणून लायब्ररी आधीच थोडी जास्त जागा मागते, मधले १६ बाइट सोडते आणि आकडे १०२४ पासून ठेवते. सोडलेल्या जागेत ती मूळ पत्ता १००८ लिहून ठेवते, कारण जागा परत करताना तोच सांगावा लागतो. रिकामी वाटणारी जागा अशी कामाची असते.

इथवर प्रश्न वेगाचा होता. खरी मेख पुढे आहे. १ वर १६ शून्यं असलेल्या संख्येत १ मिळवा, मग आणखी १ मिळवा. नेहमीच्या ६४ बिटांच्या आकड्यांत संगणक दोन्ही वेळा तो १ गमावतो. आधी १ आणि १ मिळवून २ केले, तर ते टिकतात. म्हणजे बेरजेचा क्रम उत्तर ठरवतो. आणि क्रम कोण ठरवतं? रांगेचा पत्ता वाकडा असेल, तर प्रोग्रॅम सुरुवातीचे एक-दोन आकडे सुटे घेतो आणि मग गट पाडतो. पुढच्या वेळी जागा दुसरीकडे मिळाली की गट बदलतात, आणि शेवटचा अंकही बदलू शकतो. इंटेलच्या गणिती लायब्ररीत २०१२ साली तंतोतंत तेच उत्तर मिळण्याची सोय आली, तेव्हा आकडे अलाइन केलेले असावेत ही अट होती.

शेवटच्या अंकाचं एवढं काय, असं म्हणू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ पासून ‘प्रत्युष’ हवामानाची गणितं करत होता. या गणितांत सुरुवातीचा किंचित फरकही दिवसागणिक वाढत जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात आलेल्या कोल्हापूरकरांना अंदाजाची किंमत सांगायला नको. प्रोग्रॅममध्ये सुधारणा केल्यावर उत्तर बदललं, तर ते सुधारणेमुळे, चुकीमुळे की नुसत्या पत्त्यामुळे? हे वेगळं करता आलं नाही, तर चूक सापडणार कशी?

म्हणून आमचं म्हणणं असं, की पुन्हा तेच उत्तर मिळणं ही गणिताने दिलेली देणगी नाही. ती व्यवस्था आहे, आणि कुणीतरी थोडी जागा रिकामी सोडून ती राखलेली असते. अर्थात, तेच उत्तर म्हणजे बरोबर उत्तर नव्हे. पण निदान वाद कशावर घालायचा, ते तरी ठरतं.